एका गुणाचा प्रश्न

गेल्या दिवाळीत याच पानावर मी आमच्या अंगणातल्या भाज्यांबद्दल लिहिलं होतं. या वेळी एका बोटीबद्दल. आर्कान्सात समुद्र नाही, हे मान्य! पण नॉर्थ लिटल रॉकला नदीकाठच्या संग्रहालयात 'होगा' नावाची टगबोट आहे. आई भारतातून आली होती, तेव्हा आम्ही सगळे ती पाहायला गेलो.

"एवढीशीच?" मुलगा हिरमुसला. त्याला युद्धनौका हवी होती. होगा जेमतेम १०० फुटांची. मोठ्या जहाजांना ओढायचं, ढकलायचं आणि आग लागली तर पाणी मारायचं, हे तिचं काम.

भारतात मी शाळेत इतिहास शिकवायचे. '७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने ____ वर हल्ला केला.' रिकामी जागा भरा, एक गुण. 'पर्ल हार्बर' लिहिलं की विषय संपला. होगा त्या दिवशी तिथेच होती.

रविवारची सकाळ. आठच्या सुमारास बॉम्ब पडू लागले. 'ॲरिझोना' युद्धनौका पेटली. तिला खेटून 'व्हेस्टल' हे दुरुस्तीचं जहाज बांधलेलं होतं. होगाने दोर लावून ते आगीपासून दूर ओढलं. तेवढ्यात बंदराबाहेर निघालेल्या 'नेव्हाडा' या युद्धनौकेवर बॉम्ब पडले. ती मधेच बुडती तर बंदराची वाटच बंद झाली असती, म्हणून तिला काठाला लावलं होतं. होगाने तिच्यावर पाणी मारलं आणि दुसऱ्या एका टगबोटीबरोबर तिला ढकलत पलीकडच्या काठावर पक्की रुतवली. दुरुस्तीनंतर हीच नेव्हाडा १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यासमोर लढली. होगा मात्र लगेच परत वळली आणि मंगळवारपर्यंत ॲरिझोनाची आग विझवत राहिली.

१९४२ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल निमिट्झ यांनी तिच्या खलाशांचा गौरव केला. १९४८ पासून चाळीसहून अधिक वर्षं ती कॅलिफोर्नियात ओकलंडच्या बंदरात आगी विझवत होती. २०१५ मध्ये इथे आली.

परतताना ओळखीचं एक कुटुंब भेटलं. "तुम्ही काय करता?" या प्रश्नाला मी सवयीने म्हटलं, "काही नाही, घरीच असते." गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "ती बोटसुद्धा बंदरातच असायची ना गं?" मी काही बोलले नाही. मागच्या सीटवर मुलगा झोपला होता.

रविवारी मंडळाच्या मराठी शाळेत मी मुलांना ही गोष्ट सांगितली आणि विचारलं, "नेव्हाडा वाटेतच बुडाली असती तर?" बाकं जोडून बंदर झालं, दप्तरांची जहाजं झाली. सुटायची वेळ झाली तरी वाद मिटेना.

"बाई, याला किती मार्क?" एकीने विचारलं.

मी म्हटलं, "मार्क नाहीत. घरी जाऊन आजीला सांगायचं."