नाते नको, मत मोजा

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला. त्यानंतर आठवडाभराने कोल्हापुरातल्या एका पुरोगामी बैठकीला मी गेले होते. पंचवीस-तीस माणसे होती, त्यात आम्ही बायका चौघी. सगळ्यांचे चेहरे पडलेले. साहजिकच होते. सहाच महिन्यांपूर्वी, लोकसभेला, कोल्हापूरच्या जागेवर शाहू महाराज दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आले होते. राज्यात महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या होत्या. आणि आता विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन पक्षांकडे, आघाडीकडे कशाबशा ४६. आपल्या जिल्ह्यात तर दहाच्या दहा जागा महायुती आणि तिच्या पाठीराख्यांनी नेल्या. सहा महिन्यांत एवढे काय बदलले, हा प्रश्न कुणालाही पडावा असाच होता.

बैठकीत त्याची दोन उत्तरे आली. एक जण म्हणाले, "मशीनच सेट होती." दुसरे, आमच्या अनेक मोर्च्यांत पुढे असलेले ज्येष्ठ कार्यकर्ते, म्हणाले, "बायकांनी दीड हजारात महाराष्ट्र विकला." दोन्ही वाक्यांना सारख्याच माना डोलल्या. मी एवढेच विचारले की, मशीन सेट असेल तर बायकांनी काय केले याने फरक काय पडतो? आणि बायकांनी विकले असेल, तर मशीन सेट करायची गरज कुणाला होती? दोन्हींतले एक तरी ठरवा. कुणी उत्तर दिले नाही. चहा आला.

दुसऱ्या दिवशी वस्तीत बचत गटाची बैठक होती. तिथे मी हा किस्सा सांगितला. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी हसल्या आणि म्हणाल्या, "आमी इकलो म्हंत्यात व्हय? पैसं सरकारचं, मत माझं. मी रांगंत दीड तास थांबलो आन् बटण दाबलो. कुनाचं दाबलो त्ये माझ्या मालकालाबी ठावं न्हाई, त्या सायबास्नी कसं कळलं?" मत कुणाला दिले हे मी त्यांना विचारले नाही, कधी विचारणारही नाही. पण त्या बैठकीतल्या तीस जणांना जे कळत नव्हते ते मावशींना कळत होते. त्या स्वतःला मतदार समजत होत्या. आणि बाकीचे त्यांना लाडकी बहीण समजत होते.

मला आज याच गोष्टीवर बोलायचे आहे. मतांची चोरी झाली का, कुणी केली, यावर गेले कित्येक महिने रान उठले आहे. त्यात बाईचे नाव पावलोपावली येते. पण ती येते बहीण म्हणून, माता म्हणून, सून म्हणून, कुणाची तरी बायको म्हणून. मतदार म्हणून ती कुठेच येत नाही. माझ्या मते पहिली चोरी ही आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी केली आहे.

आधी "विकल्या गेल्या" या आरोपाचे बघू. जून २०२४ च्या ज्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना आली, त्याच अर्थसंकल्पात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज मोफत झाली. सातबारा आणि मोटारीचे कनेक्शन बहुतेक पुरुषांच्या नावावर असते. आपल्या जिल्ह्यात किती पंप आहेत ते तुम्हाला सांगायला नको. पण "शेतकऱ्यांनी वीजबिलात महाराष्ट्र विकला" असे म्हणताना मी एकाही माणसाला ऐकले नाही. पुरुषाला मिळाला तर तो हक्क, आणि बाईला मिळाली तर ती लाच? निवडणुकीच्या तोंडावर घाईघाईने पैसे वाटणे चुकीचे आहे, असे म्हणायचे तर खुशाल म्हणा. मीही म्हणते. निवडणूक झाल्यावर अर्जांची छाननी सुरू झाली, २०२५ मध्ये लाखो बायकांचे हप्ते थांबले, आणि चौदा हजारांवर पुरुषच लाडक्या बहिणी बनून पैसे उचलत होते, हेही बाहेर आले. जाब विचारायचा तर तो पैसे वाटणाऱ्याला विचारा. घेणारीच्या चारित्र्यावर का जाता?

एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला 'लाभार्थी' हा शब्द शिकवला होता. तेव्हा तो निरुपद्रवी वाटला होता. २०२४ च्या नोव्हेंबरात त्याचा अर्थ कळला. प्रचारसभेत इथल्याच भाजपच्या खासदारांनी, धनंजय महाडिकांनी, सांगितले की, दीड हजार घेणाऱ्या बायका काँग्रेसच्या सभेत दिसल्या तर त्यांचे फोटो काढा, नावे लिहून घ्या. गदारोळ झाला, गुन्हा नोंदला गेला, त्यांनी माफी मागितली. पण वस्तीत जो निरोप पोचायचा तो पोचला होता. लाभार्थी म्हणजे जिचा हिशेब दुसऱ्याकडे असतो ती. मतदार म्हणजे जी हिशेब मागते ती. हे दोन शब्द एकत्र नांदू शकतात, पण पहिल्याने दुसऱ्याला गिळता कामा नये.

आता संशयाचे बघू. संशय घेणे हा गुन्हा नाही. मतदानाच्या दिवशी संध्याकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के होता, अंतिम आकडा ६६.०५ टक्के निघाला. लोकसभा ते विधानसभा या काही महिन्यांत मतदारयादी सुमारे ४० लाखांनी फुगली. आयोगाने खुलासे दिले. संध्याकाळी रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या देऊन मतदान करू दिले जाते, पाचचा आकडा तोंडी गोळा केलेला अंदाज असतो, नवी नावे रीतसर अर्जांवरून आली, वगैरे. त्यातले काही पटण्याजोगेही आहे. यंत्रात फेरफार झाल्याचे आजवर कुठल्याही न्यायालयात सिद्ध झालेले नाही, हेही आपण प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे.

पण खुलासा देणे वेगळे आणि वही उघडून दाखवणे वेगळे. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी ठरवले की आपण आपल्या गावात ३ डिसेंबर २०२४ ला मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन बघू. मजा अशी की त्या मतदारसंघात त्यांचाच उमेदवार निवडून आला होता. त्यांचा प्रश्न फक्त आपल्या गावच्या आकड्याचा होता. अशा मतदानाला कायद्याने किंमत नव्हतीच. पण त्यांना काय मिळाले? जमावबंदी, पोलीस बंदोबस्त आणि गुन्हे. आपल्या बचत गटात एखादीने "पासबुक दाखवा" म्हटले तर अध्यक्ष पोलीस बोलावत नाही. पासबुक दाखवते. न दाखवणारीचा गट टिकत नाही, हे सातवी शिकलेल्या बाईलाही कळते.

आणि पासबुक दाखवायची वेळ आली तेव्हा काय झाले ते बघा. ९ डिसेंबर २०२४ ला पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने हरियाणातल्या निवडणुकीची कागदपत्रे आणि चित्रीकरण एका वकिलाला द्यायचा आदेश दिला. २० डिसेंबरला केंद्राने निवडणूक नियम ९३ बदलला, आणि असे चित्रीकरण लोकांना बघता येणार नाही अशी तजवीज झाली. अकरा दिवसांत! मे २०२५ मध्ये आयोगाने सांगितले की, निवडणूक याचिका नसेल तर ४५ दिवसांनी चित्रीकरण नष्ट करावे. यावर ओरड झाली तेव्हा १७ ऑगस्ट २०२५ ला मुख्य निवडणूक आयुक्तांनी पत्रकार परिषदेत उलट विचारले की, आयोगाने मतदारांच्या माता, सुना, लेकी यांचे चित्रीकरण कुणाला द्यावे काय?

मैत्रिणींनो, हे ऐकून मला कोल्हापूरची ती सभा आठवली. सभेत बसलेल्या बाईचा फोटो काढा म्हणताना कुणाला माता आठवली नाही. वही उघडायची वेळ आली तेव्हा मात्र आमची अब्रू मध्ये आली. रांगेत उभे राहण्यात आम्हाला लाज वाटली नाही. उन्हात, पोर कडेवर घेऊन, बोटाला शाई लावून आम्ही चारचौघांत उभ्या राहतो. आत कोणते बटण दाबले ते गुप्त. आम्ही आलो होतो हे गुप्त नाही. खासगीपणाची एवढी चिंता असेल तर उमेदवार आणि निरीक्षक यांच्यासमोर, बंद खोलीत, नोंद ठेवून चित्रीकरण दाखवायची व्यवस्था करा. पण आमच्या पदराआड तुमची वही लपवू नका.

हे नवे नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गाळावी लागली, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत. कारण त्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नव्हते. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले होते. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी भूमिका घेतली की, नाव नसेल तर नोंद नाही. कठोर वाटते, पण त्यामागे एक तत्त्व होते. मत नात्याला नसते, व्यक्तीला असते. सत्तर वर्षांनी आयोगच पुन्हा नात्यांच्या भाषेत बोलू लागला, याला काय म्हणावे?

आणि यादीचे दुखणे आपले आजही गेलेले नाही. लग्नानंतर मी माहेरच्या यादीतून नाव काढून सासरी घालायचा अर्ज दिला. माहेरचे नाव तत्परतेने गेले. सासरचे आलेच नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रावर सासऱ्यांचे नाव, नवऱ्याचे नाव, धाकट्या दिराचे नाव, आणि माझे नाही. समाजकार्याची पदवी घेतलेली मी दारातून परत फिरले. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांचे काय होत असेल?

म्हणूनच यादी स्वच्छ करा, दुबार नावे उडवा, अशी घोषणा ऐकली की मी सावध होते. १ नोव्हेंबर २०२५ ला विरोधी पक्षांनी मुंबईत मोर्चा काढला, त्यातही मुख्य मागणी हीच होती. दुबार नावे उडालीच पाहिजेत. राजुऱ्यात २०२४ च्या निवडणुकीआधी हजारो खोटे ऑनलाइन अर्ज सापडले आणि गुन्हा दाखल झाला. म्हणजे यादीत घुसायचे प्रयत्न होतात यात शंका नाही. पण माहेरी एक आणि सासरी एक अशी दोन नावे असलेली बाई चोर नसते. ती कुणाच्या तरी निष्काळजीपणाची शिकार असते. झाडू फिरला की पहिली तीच जाते, आणि जाते तीही दोन्हीकडून. बिहारमध्ये २०२५ साली मसुदा यादीतून ६५ लाख नावे गेली, त्यात बायका पुरुषांपेक्षा जास्त होत्या. ती नावे कारणांसह जाहीर करा, असे सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्टला सांगावे लागले.

तेव्हा आपल्या मागण्या आपण मांडू. पहिली, दर यादीत वाढलेली आणि गाळलेली नावे वेगळी, कारणासह छापा आणि ग्रामसभेत, वॉर्डात मोठ्याने वाचा. दुसरी, लग्न झालेल्या बाईचे नाव नव्या जागी चढल्याशिवाय जुन्या जागचे काढू नका. तिसरी, संगणकावर शोधता येईल अशी यादी द्या. चौथी, मतदान संपल्यावर किती मते पडली तो १७-सी नमुना उमेदवारांच्या प्रतिनिधींना मिळतो, तो केंद्राच्या दारावरही चिकटवा. पाचवी, चित्रीकरण ४५ दिवसांत जाळू नका.

आणि आपण काय करायचे? यंत्राच्या पोटात काय आहे ते आपल्याला बघता येणार नाही. पण आपल्या गल्लीत कोण राहते ते आपल्याइतके कुणाला ठाऊक आहे? कोण वारले, कोण नांदायला आली, कुठल्या एका खोलीत वीस नावे लागली आहेत, हे आपण बसल्या बसल्या सांगू. मतदान केंद्रात आत बसणारे पक्षांचे प्रतिनिधी बहुतेक पुरुष असतात. त्यांत निम्म्या बायका मागा. खोट्या मतदाराला हरकत घ्यायची फी दोन रुपये आहे, दोन रुपये! आपल्या नावावर कुणी आधीच मत टाकून गेले असेल तर रडत घरी येऊ नका. टेंडर व्होट मागा, तो तुमचा हक्क आहे.

ज्या दिवशी गटाच्या बैठकीत मी यादीचा हा विषय मांडला, त्या दिवशी मावशी म्हणाल्या, "आण ती यादी हिकडं, वाच मोठ्यानं." तीन संध्याकाळी आम्ही वाचत बसलो. सात मेलेली माणसे सापडली, आणि चार जिवंत बायका सापडल्या नाहीत. त्या चौघींचे अर्ज भरून झाले आहेत.

पुढच्या निकालाला कुणी आम्हाला विकलेल्या म्हणायच्या आधी, आपापल्या वस्तीतली यादी हातात घ्या.