गाणारा एक, जगविणारे अनेक

परभणी जिल्ह्यांत कीर्तन कशास म्हणतात हें ठाऊक नाहीं असा मुलगा सांपडणें कठीण. गोदावरीच्या कांठचें गंगाखेड हें संत जनाबाईंचें जन्मस्थान. शेगांवहून पंढरीस निघालेली गजानन महाराजांची पालखी दरवर्षीं परभणी आणि गंगाखेड या वाटेनेंच जाते. गांवोगांव सप्ताह होतात, मृदंग वाजतो, आणि लहान मुलें आजीच्या मांडीवर झोपीं जाईपर्यंत कीर्तन ऐकतात. परंतु हेंच कीर्तन, त्याच साक्या आणि त्याच दिंड्या, मराठी बोलणाऱ्या यहुदी लोकांनींही आपल्या देवाच्या स्तुतीसाठीं गाइल्या, हें सांगितलें तर पुष्कळांस आश्चर्य वाटेल. त्या लोकांची हकीकत येथें थोडक्यांत सांगण्याचा हेतु केवळ नवलाचा नाहीं. तींत आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या आईबापांनीं घ्यावा असा एक धडा आहे.

कोंकणांतील बेने इस्राएल समाजाची परंपरा अशी कीं, फार प्राचीन काळीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यास फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. पोथ्या समुद्रांत गेल्या, भाषा विसरली. उरलें तें शनिवारचें व्रत, कांहीं सण, आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना. तेलाचा घाणा चालविणें हा त्यांचा धंदा. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून कोंकणांतले लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणूं लागले. दिवेकर, अष्टमकर, केहिमकर, पेणकर, राजपूरकर अशीं त्यांचीं आडनांवें ऐकून हे आपलेच गांवकरी नव्हेत असें कोण म्हणेल?

पुढें हा समाज मुंबईस आला. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनीं १७९६ सालीं मुंबईंत त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. त्यास ते लोक मशीदच म्हणत. अमेरिकन व स्कॉटिश मिशनांच्या शाळांतून त्यांचीं मुलें शिकलीं, आणि त्यांच्यांतील कित्येक त्याच शाळांतून शिक्षकही झाले. डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींत छापून प्रसिद्ध केलें, त्याचा या लोकांस मोठा उपयोग झाला. धर्म मात्र त्यांनीं आपलाच ठेवला. शाळेंत मिळालेली विद्या घेऊन तिनें आपल्याच घरचा दिवा उजळ केला. मिशनच्या शाळेंत शिकणाऱ्या कोणत्याही जातीधर्माच्या मुलानें हें उदाहरण लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

आतां कीर्तनाकडे वळूं. बायबलाचें मराठी भाषांतर हातीं आलें, तेव्हां अब्राहाम, योसेफ, मोशे, दावीद, एस्तेर यांच्या कथा या लोकांस आपल्या बोलींत वाचावयास मिळाल्या. परंतु वाचणें निराळें आणि अंतःकरणांत उतरणें निराळें. त्या काळीं मुंबईंत हरिदासांचीं कीर्तनें जोरांत चालत. तीं ऐकून १८८० च्या सुमारास कांहीं बेने इस्राएल तरुणांच्या मनांत आलें कीं, याच रीतीनें आपल्या पूर्वजांच्या कथा कां सांगूं नयेत? डेव्हिड हाइम दिवेकर, बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांतले आरंभींचे कीर्तनकार. ओवी, आर्या, साकी, दिंडी, पद हे सर्व प्रकार त्यांनीं घेतले. साथीस पेटी, तबला व झांज घेतली. मूर्ति नाहीं, नैवेद्य नाहीं. पण पूर्वरंग आहे, आख्यान आहे, आणि श्रोत्यांच्या डोळ्यांस पाणी आणणारा प्रसंगही आहे. योसेफास त्याचे भाऊ विकतात तो प्रसंग साकींत ऐकणारा मराठी माणूस, मग तो कोणत्याही धर्माचा असो, कोरडा राहील काय?

या ठिकाणीं माझ्या मुख्य मुद्द्यास आरंभ होतो. हे कीर्तनकार आकाशांतून पडले नाहींत. कीर्तनास उत्तेजन मिळावें म्हणून या समाजानें मुंबईंत ‘कीर्तनोत्तेजक मंडळ’ स्थापन केलें. आख्यानांचीं लहान लहान पुस्तकें छापून तीं घरोघर नेलीं. गांवांत मुकादम, चौगुला व गब्बई असे समाजाचे कारभारी असत. गब्बईच्या हातीं पैशाचा हिशेब असे, आणि प्रार्थना म्हणणाऱ्या हज्जानाचा योगक्षेम समाजाच्या वर्गणींतून चाले. म्हणजे ज्याच्या गळ्यांत सूर आहे त्याच्या चुलीची काळजी ज्यांच्या गळ्यांत सूर नाहीं त्यांनीं घ्यावयाची, असा हा सरळ व्यवहार होता. समाज तो केवढा? १९४८ च्या सुमारास साऱ्या भारतांत सुमारें वीस हजार माणसें! आमच्या एखाद्या तालुक्याच्या गांवींही आज याहून अधिक वस्ती भरेल. एवढ्याशा लोकांनीं आपलें गाणें उभें केलें, छापलें आणि दोन-तीन पिढ्या चालविलें.

स्त्रियांचें गाणें तर कीर्तनाहूनही टिकाऊ ठरलें. लग्नांत मेंदीच्या रात्रीं, बारशास, आणि एलियाहू संदेष्ट्याच्या नांवानें पोहे, गूळ किंवा साखर, खोबरें व फळें यांचा ‘मलिदा’ करतात त्या वेळीं, या समाजांत गाणीं म्हटलीं जातात. बायकांनीं तीं वह्यांत उतरून ठेविलीं. इस्राएल देश १९४८ सालीं स्थापन झाल्यावर हे लोक हजारोंनीं तिकडे गेले. रामला, लोद, अश्दोद, दिमोना या गांवीं त्यांनीं नवे संसार मांडले. सामानांत भांडींकुंडीं गेलीं तशा या वह्याही गेल्या. तेथें ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक त्यांनीं चालविलें. आज भारतांत या समाजाचीं अवघीं चार-पांच हजार माणसें असतील, तीं बहुतेक मुंबई-ठाण्याच्या बाजूस. पूर्वींसारखा कीर्तनकार आतां क्वचितच ऐकूं येतो. कारण उघड आहे. गाणारे गेले म्हणून कीर्तन थांबलें असें नव्हे, तर ऐकणारे पांगले म्हणून गाणारे राहिले नाहींत. नव्या देशांत मुलांची भाषा हिब्रू झाली; मराठी साकी कोणास ऐकवावयाची?

याच्या उलट उदाहरणही यहुदी लोकांतच आहे. अमेरिकेंत डेबी फ्रीडमन नांवाच्या गायिका होऊन गेल्या (१९५१–२०११). त्यांना स्वरलिपि वाचतां येत नसे. गिटार घेऊन त्या मुलांच्या उन्हाळी शिबिरांत गात. जुन्या प्रार्थनांस त्यांनीं सोप्या चाली लावल्या. त्या मुलांनीं त्या घरीं नेल्या, मुलांच्या आईबापांनीं प्रार्थनामंदिरांत नेल्या, आणि तेथील मंडळ्यांनीं त्यांस गावोगांव बोलावून घेतलें. त्यांच्या मृत्यूच्या सालींच धर्मगायक तयार करणाऱ्या एका मोठ्या विद्यालयास त्यांचें नांव देण्यांत आलें. स्वरलिपि न येणाऱ्या स्त्रीचें नांव संगीतशाळेस मिळालें, तें त्यांच्या गुणामुळें खरेंच. पण मंडळ्यांनीं त्यांस पोसलें नसतें, तर तो गुण शिबिराच्या शेकोटीपाशींच विझला असता.

आमच्या देशानेंही असा आश्रय दिला आहे, तोही सांगितला पाहिजे. वॉल्टर कॉफमन हे यहुदी संगीतकार युरोपांतील संकटाच्या काळीं, १९३४ सालीं, मुंबईस आले आणि १९४६ पर्यंत येथें राहिले. आकाशवाणीचा कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीं जी धून वाजे, आणि जी ऐकून आमच्या आजोबांच्या पिढीची सकाळ होई, ती त्यांची रचना. परक्या देशांत निराधार आलेल्या माणसास येथें काम मिळालें, श्रोते मिळाले. त्याची फेड त्यांनीं कोट्यवधि लोकांच्या रोजच्या पहाटेंत करून ठेविली. अगदीं अलीकडे, २०१५ सालीं, शाय बेन त्सूर या इस्राएली गायकानें राजस्थानच्या कव्वालांबरोबर जोधपूरच्या किल्ल्यांत ‘जुनून’ नांवाची ध्वनिमुद्रिका केली. तींत हिब्रू शब्दही कव्वालीच्या चालींत गाइले आहेत. २०१७ च्या जुलैंत भारताचे पंतप्रधान इस्राएलास गेले, तेव्हां तेल अवीवच्या सभेंत राष्ट्रगीत म्हणणाऱ्या लिओरा इट्झाक या मूळच्या भारतीय यहुदी घराण्यांतल्या. त्या तरुणपणीं गाणें शिकण्यासाठीं भारतांतच आल्या होत्या. विद्या अशी समुद्राच्या दोन्ही बाजूंस येजा करते. मात्र दोन्ही बाजूंस तिचें स्वागत करणारीं दारें उघडीं असावीं लागतात.

येथें कोणी म्हणेल, “उसन्या चालींत काय मोठेपणा? कीर्तन हिंदूंचें, त्यांत कथा यहुद्यांची घातली, ही नक्कलच झाली.” मला तसें वाटत नाहीं. घागर कुंभाराची असते, पाणी ज्याच्या त्याच्या विहिरीचें. ओवी ही कोणा एका पंथाची मालमत्ता नाहीं. ती मराठी जिभेची स्वाभाविक चाल आहे. म्हणूनच रेव्हरंड नारायण वामन टिळकांनींही ख्रिस्ती भजनास तीच मराठी वाट दिली. जो समाज दुसऱ्याचा छंद आदरानें घेतो व त्यांत आपलें खरें मनोगत ओततो, तो नक्कल करीत नाहीं. तो शेजारधर्म पाळतो.

दुसरा आक्षेप याहून जवळचा आहे. “फोनवर हवें तें गाणें फुकट ऐकूं येतें, मग गांवच्या गवयास पोसण्याचें प्रयोजन काय?” याचें उत्तर मीं एका गांवीं डोळ्यांनीं पाहिलें तें सांगतों. लग्नाची वरात होती. मोठमोठे कर्णे लावलेली गाडी आणली होती, तिचें भाडें वरपित्यानें घासाघीस न करतां मोजून दिलें. त्याच मांडवांत आदल्या रात्रीं एका वृद्ध मृदंगवाद्यानें तीन तास भजनास साथ केली होती. त्यांच्या हातावर नारळ ठेवला, आणि परतीच्या एस. टी. चें भाडें देण्याची आठवण कोणास झाली नाहीं. म्हातारबाबा कांहीं बोलले नाहींत. त्यांचा नातू बरोबर होता, “तूं मृदंग शिकतोस ना?” असें मीं त्यास विचारलें. तो म्हणाला, “नाहीं गुरुजी, आजोबा शिकूं नको म्हणतात.” त्या मुलाच्या उत्तरांत एका कलेचा शेवट लिहिलेला होता. फोनवरचें गाणें ऐकतां येतें, पण त्यानें गांवांत एकही गाणारा जन्मास येत नाहीं.

आणि यहुद्यांच्या वह्यांची गोष्ट आपल्यापासून दूर आहे असेंही कोणी समजूं नये. आमच्या आज्या-पणज्यांच्या जात्यावरच्या ओव्यांचें तेंच झालें. वीज आली, गिरणी आली, जातें माळ्यावर गेलें, आणि ओवी मुकी झाली. गिरणी आली तें चांगलेंच झालें. बायकांच्या पाठीचा भार हलका झाला, आणि तो परत यावा असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. परंतु भार टाकतांना त्याबरोबर गाणेंही टाकलें गेलें, हें कोणाच्या ध्यानींही आलें नाहीं. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनीं महाराष्ट्रांतल्या खेड्यापाड्यांतून हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, म्हणून तेवढ्या वांचल्या. जनाबाईंच्या जिल्ह्यांतील मुलांनीं हें काम परक्यांवर सोंपवून स्वस्थ बसावें हें शोभत नाहीं.

तेव्हां करावें काय? मोठ्या योजना नकोत. विद्यार्थिमित्रहो, येत्या उन्हाळ्याच्या सुट्टींत प्रत्येकानें एक कोरी वही घ्यावी आणि आपल्या आजीजवळ, किंवा शेजारच्या आजीजवळ, बसावें. ती मराठा असो, महार असो, मुसलमान, ख्रिस्ती किंवा लमाण असो. तिला येत असलेलें गाणें तिच्याच शब्दांत, तिनें उच्चारलें तसेंच उतरून घ्यावें. आपल्या पुस्तकी शुद्धलेखनानें तें बिघडवूं नये. खालीं तिचें नांव, गांव व तारीख लिहावी, आणि चाल एकदां तरी आपल्या गळ्यावर बसवावी. कारण वहींतलें गाणें हें बियाणें आहे. तें कणगींतच ठेवलें तर कांहीं वर्षांनीं उगवत नाहीं.

पालकांस माझी विनंती वेगळी आहे. लग्नकार्याच्या यादींत मांडव, आचारी व वाजंत्री यांच्याबरोबर एक ओळ गाणाऱ्यासाठीं असूं द्यावी, आणि तिच्यापुढें आंकडा लिहावा. मानाचा नारळ अवश्य द्यावा. पण नारळ हा मान आहे, मजुरी नव्हे. तसेंच मुलानें पेटी किंवा तबला शिकावयाचें म्हटलें, तर “यानें पोट भरेल काय?” हा प्रश्न त्यास विचारण्यापूर्वीं तो स्वतःस विचारावा, कारण त्याचें पोट भरणें न भरणें हें आपल्यासारख्या ऐकणाऱ्यांच्याच हातीं आहे.

वीस हजारांच्या त्या लहान समाजाकडे राजाश्रय नव्हता, जहागिरी नव्हत्या. घाणा चालविणारे, पलटणींत व कचेरींत नोकरी करणारे असे साधे लोक ते. त्यांनीं वर्गणी काढली, मांडव घातला, खालीं बसून ऐकलें, आणि घरीं जातांना पुस्तक विकत घेतलें. एवढ्यानें त्यांचें गाणें जगलें. आणि एवढें करणारे पांगतांच तें क्षीण झालें. आमचे श्रोते अजून पांगलेले नाहींत. परभणीच्या बाजारांत, गोदेच्या घाटावर, सप्ताहाच्या मांडवांत ते अजून एकत्र जमतात. पुढल्या वेळीं त्या मृदंगवाद्याचा नातू भेटेल, तेव्हां त्यानें निराळें उत्तर द्यावें अशी माझी इच्छा आहे, आणि तें उत्तर त्याच्या तोंडीं घालणें आपणां सर्वांच्या हातीं आहे.