निर्दोषांच्या वर्षांचा हिशेब

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत सात बॉम्बस्फोट झाले. त्यांपैकी एक मीरा रोड-भाईंदर परिसरात झाला. कामावरून घरी परतणारे १८९ प्रवासी ठार झाले, आठशेंहून अधिक जखमी झाले. पुढे अटक झालेल्यांत मीरा रोडचे रहिवासीही होते. २०१५ साली विशेष न्यायालयाने तेरापैकी एकाला निर्दोष सोडले. पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या बाराही जणांना निर्दोष ठरविले. छळाची चिन्हे दाखविणारे कबुलीजबाब न्यायालयाने ग्राह्य धरले नाहीत. त्या बारांपैकी एकजण शिक्षा भोगत असतानाच २०२१ साली मरण पावला होता.

राज्य सरकारने तातडीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. अपील करणे हा सरकारचा अधिकार आहे. परंतु २०१५ सालीच सुटलेल्या शिक्षकाची नऊ वर्षे तुरुंगात गेली, त्यांचे काय? त्याने नऊ कोटी रुपयांची भरपाई मागितली आहे. ती त्याला हक्काने मिळावी असा कायदाच या देशात नाही.

बिहारमधील रुदल साह हा कैदी १९६८ साली निर्दोष सुटूनही पुढे चौदा वर्षे तुरुंगातच राहिला. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला एकूण ३५ हजार रुपये देवविले. २०१८ साली शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना ५० लाख मिळाले. म्हणजे भरपाई मिळते, पण ती न्यायालयाच्या दारात वर्षानुवर्षे उभे राहू शकणाऱ्यालाच. त्याच २०१८ साली विधी आयोगाने आपल्या २७७ व्या अहवालात यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेत विशेष तरतूद करण्याची शिफारस केली. सरकारने १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू केली, पण ती शिफारस तीत उतरली नाही. निराधार अटकेबद्दल जास्तीत जास्त एक हजार रुपयांची तरतूद तेवढी कायम राहिली, आणि तीही रक्कम सरकारने नव्हे, अटक करविणाऱ्याने द्यावयाची!

पैसा नाही, ही सबब टिकणारी नाही. आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्यांना मानधन देण्याची योजना याच महाराष्ट्र शासनाने २०१८ साली सुरू केली. राज्याने हिरावलेल्या दिवसांचे मोल राज्याने द्यावे, हे तत्त्व त्यात मान्य झालेच आहे. मग ते राजकीय कार्यकर्त्याला लागू आणि मोहल्ल्यातील तरुणाला नाही, हा कोणता न्याय?

भरपाईची मागणी म्हणजे स्फोटात मेलेल्यांचा विसर नव्हे. खोटा आरोपी उभा केला की खरा गुन्हेगार मोकळा राहतो. फसवणूक मृतांच्या कुटुंबांचीही होते. म्हणून भरपाईचा कायदा, छळ करणाऱ्या अधिकाऱ्यांवर खटले आणि पोलिसांपुढील कबुलीजबाब पुरावा मानणाऱ्या मोक्कातील कलमाची रद्दी या तिन्ही मागण्या एकत्रच मांडल्या पाहिजेत. मीरा-भाईंदरच्या कार्यकर्त्यांनी त्या घेऊन दोन्ही घरांच्या दारांत जावे: ज्या घरातला माणूस गाडीतून परतला नाही त्या, आणि ज्या घरातला माणूस पोलिसांनी नेला त्याही.