प्रमाणपत्र मिळाले, शिक्षणाचे काय?

१६ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीचा निकाल जाहीर केला. सुमारे पावणेसोळा लाख विद्यार्थ्यांपैकी ९९.९५ टक्के उत्तीर्ण झाले आणि ९५७ जणांना शंभर टक्के गुण मिळाले. मंडळाच्या इतिहासात इतका उज्ज्वल निकाल कधी लागला नव्हता. आणि तरीही त्या दिवशी धर्मगुरूंच्या निवासात पेढे घेऊन येणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यावर एक संकोच होता. अभिनंदन केले की ती खाली पाहत. कारण उघड होते. परीक्षा झालीच नव्हती!

ती मुले आज विशीत आहेत. कुणी पदवी घेऊन बाहेर पडत आहे, कुणी नोकरीच्या रांगेत उभे आहे. 'कोरोनाची बॅच' हा शिक्का मात्र अजून पुसलेला नाही. त्या वेळी दिलेली सूट योग्य होती का, आणि तिच्यामुळे आपल्यावर कोणती जबाबदारी आली, या दोन प्रश्नांचा विचार शांतपणे करण्याची वेळ आता आली आहे.

निर्णय कसा झाला?

या घटनेची सुरुवात २०२० मध्ये झाली. त्या वर्षी दहावीचा भूगोलाचा शेवटचा पेपर टाळेबंदीमुळे रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीवरून त्याचे गुण देण्यात आले. नववी आणि अकरावीच्या दुसऱ्या सत्राच्या परीक्षाही त्याच एप्रिलमध्ये रद्द करण्यात आल्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेने थैमान घातले. प्राणवायूसाठी धावाधाव चालू असतानाच, २० एप्रिल २०२१ रोजी राज्य शासनाने दहावीची परीक्षा रद्द केली.

मग गुण कसे द्यायचे? मे महिन्यात सूत्र ठरले. नववीच्या निकालाला ५० गुण, दहावीतील वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनाला ३० गुण, आणि गृहपाठ, तोंडी व प्रात्यक्षिक यांना २० गुण. कागदावर हे सूत्र समतोल दिसते. परंतु या मुलांची नववी म्हणजे २०१९-२० चे वर्ष, ज्याचे दुसरे सत्र परीक्षेविना संपले होते. म्हणजे निम्मे प्रमाणपत्र अर्ध्या वर्षाच्या पायावर उभे राहिले. उरलेले ५० गुण शाळेच्या हाती होते. काही शाळांनी हात सैल सोडला, काहींनी प्रामाणिकपणाने आखडता घेतला. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गृहपाठ पाठवणाऱ्या मुलाला गुण मिळाले. ज्या घरात एकच फोन होता, आणि तोही कामावर जाणाऱ्या वडिलांच्या खिशात, त्या मुलाकडे दाखवण्यासारखे काही नव्हते.

या विषमतेवर उपाय म्हणून शासनाने अकरावी प्रवेशासाठी २१ ऑगस्ट रोजी ऐच्छिक सामाईक परीक्षा घेण्याचे ठरवले. मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला तो निर्णय रद्द केला. लस न मिळालेल्या मुलांना परीक्षा केंद्रावर बोलावणे धोक्याचे होते, हेही न्यायालयाने विचारात घेतले. अशा रीतीने विषम गुणांवरच प्रवेश झाले.

दया आणि न्याय

तरीही परीक्षा रद्द करणे चूक होते, असे मी म्हणणार नाही. ज्या आठवड्यांत आपल्या दफनभूमींत अंत्यविधीला मोजक्याच आप्तांना उभे राहता येत होते, त्या आठवड्यांत लाखो मुलांना वर्गखोल्यांत बसवणे हे शिस्तीचे नव्हे, निष्ठुरतेचे लक्षण ठरले असते. शब्बाथाचा नियम माणसाच्या हितासाठी आहे, हे प्रभू येशूने परुश्यांना बजावले. परीक्षेचा नियमही मुलांसाठीच आहे.

संत मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला (मत्तय २०:१-१६) येथे आठवतो. दिवस मावळायला आला तेव्हा कामावर आलेल्यांनाही धन्याने पूर्ण दिवसाची मजुरी दिली. ती माणसे आळशी नव्हती, त्यांना कुणी कामावर बोलावलेच नव्हते. आपल्या मुलांचेही तसेच होते. त्यांनी शाळा बुडवली नाही, शाळाच बंद होती. त्यांच्या हाती पूर्ण मजुरी ठेवणे ही धन्याची उदारता होय, आणि तिच्याविषयी कुरकुर करणे आपल्याला शोभत नाही.

मात्र एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. मजुरी संध्याकाळच्या भाकरीसाठी असते, ती मिळाली की प्रश्न सुटतो. प्रमाणपत्राचे तसे नाही. ते 'याला हे येते' अशी ग्वाही देते. ज्याला ते येत नाही त्याच्या हाती ग्वाही देऊन आपण त्याला पुढच्या वर्गाच्या दारात सोडतो, आणि तेथे त्याची खरी परीक्षा सुरू होते. तेव्हा त्याच्या मदतीला कुणी नसेल, तर आपण दाखवलेली दया अर्धवट राहिली असे म्हणावे लागेल.

इतर देशांचा अनुभव

हा पेच केवळ आपला नव्हता. इंग्लंडने २०२० मध्ये शाळान्त परीक्षांचे गुण संगणकीय सूत्राने ठरवले. शिक्षकांनी सुचवलेल्या श्रेणींपैकी जवळजवळ ४० टक्के खाली आल्या. मुले रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्टला सरकारला माघार घेऊन शिक्षकांचा शब्द प्रमाण मानावा लागला. कोवळ्या आयुष्यांचा निवाडा यंत्रावर सोपवता येत नाही, हा त्यातला धडा.

अमेरिकेतील ऑरेगन राज्याचा धडा वेगळा आहे. पदवीपूर्व शालेय शिक्षण पूर्ण करताना वाचन, लेखन आणि गणित येते हे दाखवण्याची अट तेथे २०२१ च्या कायद्याने स्थगित ठेवली गेली. महामारी ओसरली, पण २०२३ मध्ये ती स्थगिती २०२७-२८ या शैक्षणिक वर्षापर्यंत वाढवण्यात आली. मॅसॅच्युसेट्स राज्यात तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी शाळान्त चाचणीची अटच काढून टाकली. अशा चाचण्यांमुळे गरीब आणि स्थलांतरित मुले मागे पडतात, हा त्यामागील युक्तिवाद दुर्लक्षिण्यासारखा नाही. पण ज्याला वाचता येत नाही त्याला ते शिकवणे कठीण असते, अट काढणे सोपे असते. सोपा मार्ग पत्करताना आपण कुणावर उपकार करत आहोत, हे एकदा स्वतःला विचारले पाहिजे.

महाराष्ट्रात परीक्षा परत आली, हे शासनाच्या बाजूने नमूद केले पाहिजे. २०२२ मध्ये २५ टक्के अभ्यासक्रम कमी करून, अर्धा तास वाढवून आणि आपापल्या शाळेतच केंद्र देऊन ती घेण्यात आली. निकालाचा आकडाही हळूहळू खाली आला. २०२५ मध्ये तो ९४.१० टक्के होता. परंतु परीक्षा परतली म्हणजे हरवलेले शिक्षण परतले असे नव्हे. 'असर'च्या २०२३ च्या अहवालासाठी देशातील २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयोगटातील मुलांची पाहणी झाली. त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुलांना आपल्या मातृप्रदेशाच्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा मजकूरही अस्खलित वाचता येत नव्हता. निम्म्याहून अधिक मुलांना साधा भागाकार जमत नव्हता. सगळा दोष महामारीचा नाही, पण महामारीने उघडी पडलेली जखम आपण प्रमाणपत्राच्या कागदाने झाकली, हे नाकारता येणार नाही.

आपण काय करावे?

१५ ऑक्टोबर २०२० रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी शिक्षणविषयक जागतिक कराराच्या निमित्ताने दिलेल्या संदेशात या काळातील 'शैक्षणिक आपत्ती'कडे जगाचे लक्ष वेधले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या घोषणापत्रात प्रत्येक माणसाचा शिक्षणाचा हक्क अधोरेखित केला. हक्क शिक्षणाचा आहे, केवळ प्रमाणपत्राचा नव्हे.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, या मुलांना हिणवणे थांबवू या. लग्नाच्या मांडवात वा नोकरीच्या मुलाखतीत 'तुम्ही तर फुकट पास' हा विनोद ज्याला ऐकावा लागतो, त्याने ती सूट मागितली नव्हती.

दुसरी, आपल्या धर्मग्रामांत निवृत्त शिक्षक-शिक्षिकांची वाण नाही. संध्याकाळी रिकामे राहणारे सभागृह, चार बाके आणि आठवड्यातून दोन तास एवढ्या भांडवलावर वाचन आणि गणिताचे वर्ग चालू शकतात. संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद ज्या घरांत धान्य पोहोचवतात, त्याच घरांत 'मुलाला वाचता येते का?' एवढे विचारले तरी बरेच काही उघड होईल. हे वर्ग केवळ आपल्या मुलांसाठी नसावेत. पाड्यांवरील आदिवासी मुलांची गरज अधिक मोठी आहे.

तिसरी गोष्ट शासन आणि शाळाचालकांसाठी, ज्यांत आपल्या धर्मप्रांतांच्या शिक्षणसंस्थाही येतात. संकटे पुन्हा येणार आहेत. २०२१ चा निकाल लागल्यावर सहाव्याच दिवशी चिपळूण आणि महाड पुराने वेढले गेले होते. तेव्हा परीक्षा रद्द करावी लागल्यास मूल्यमापन कसे होईल, ती सूट कधी संपेल आणि सुटलेला अभ्यास केव्हा भरून काढला जाईल, याचे नियम शांततेच्या काळातच ठरवून ठेवावेत. वर्षभराच्या नोंदी प्रामाणिक असतील तर संकटात कुणालाही अंदाजाने गुण वाटावे लागणार नाहीत.

द्राक्षमळ्याच्या धन्याने मजुरी दिली, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याआधी तो वेळोवेळी बाजारात जाऊन रिकामे उभे असलेल्यांना मळ्यात बोलावत राहिला, हे मात्र आपण विसरतो. आपल्याही गावाच्या नाक्यावर तशी मुले उभी आहेत, प्रमाणपत्र हाती असलेली आणि कुणी बोलावण्याची वाट पाहणारी. त्यांच्याकडे जाण्याची सद्बुद्धी आणि चिकाटी प्रभू आपल्याला देवो.