ल्होसार साजरा झाला, पण भाषा घरात उरली का? ब्रिटनमधील गुरुंग समाजासमोरचा प्रश्न

दरवर्षी डिसेंबरच्या शेवटी, नेपाळी पंचांगातील पुस महिन्याच्या १५ तारखेला, गुरुंग समाज आपले नवे वर्ष साजरे करतो. त्याला तमू ल्होसार म्हणतात. तमू हे गुरुंगांचे स्वतःचे नाव. पोखरा, काठमांडू आणि गंगटोकप्रमाणे आता दक्षिण इंग्लंडमधील ऑल्डरशॉट, रीडिंग, फोकस्टन अशा गावांतही हा सण होतो. पारंपरिक पोशाख, नाच, भाषणे, सहभोजन असा कार्यक्रम असतो. फोटो समाजमाध्यमांवर फिरतात आणि परदेशातही संस्कृती जपली म्हणून कौतुक होते.

कौतुक जरूर व्हावे. पण समाजकार्य करताना आम्ही एक गोष्ट शिकलो आहोत. एखाद्या समाजाची संस्कृती टिकते आहे की नाही, हे सणाच्या दिवशी कळत नाही. सणाच्या दुसऱ्या दिवशी आजी नातवाशी कोणत्या भाषेत बोलते आणि घरात कुणी वारले तर त्या दारात कोण उभे राहते, यावरून ते कळते. या दोन कसोट्या लावून ब्रिटनमधील गुरुंग समाजाकडे पाहावे, असे आम्हाला वाटते. बहुसंख्य गुरुंग स्वतःला बौद्ध म्हणवतात, म्हणून हा प्रश्न आपल्याही जवळचा आहे.

गुरखा म्हणजे गुरुंग नव्हे

आपल्याकडे सोसायटीच्या फाटकावर बसणाऱ्या प्रत्येक नेपाळी माणसाला 'गुरखा' म्हणतात. त्यांतले कितीतरी जण नेपाळच्या सुदूर पश्चिमेकडील अछाम, बझांग, डोटी या जिल्ह्यांतून आलेले असतात. ते गुरुंग असतीलच असे नाही. गुरखा ही जात नाही आणि जमातही नाही. गोरखा या गावाच्या नावावरून हा शब्द आला आणि १८१४ ते १८१६ च्या इंग्रज-नेपाळ युद्धानंतर सैन्यभरतीतून तो जगभर पोहोचला. इंग्रजांनी मध्य नेपाळमधून गुरुंग आणि मगर, तर पूर्वेकडून राई आणि लिंबू यांना प्रामुख्याने भरती केले आणि या सगळ्यांवर 'लढाऊ जमात' असा एकच शिक्का मारला.

या शिक्क्याची दुसरी बाजू आपल्या समाजाने भोगली आहे. १८९० च्या दशकात याच लढाऊ जमातींच्या सिद्धांताखाली महारांची सैन्यभरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांना त्याविरुद्ध अर्ज लिहावा लागला. एकाच विचाराने एका समाजाला दार उघडले आणि दुसऱ्याला बंद केले. पण ज्यांना दार उघडले, त्यांचीही ओळख राज्यकर्त्यांच्या सोयीनेच ठरली. ब्रिटनमध्ये आजही गुरुंग मुलाला आधी गुरखा, मग नेपाळी आणि जमलेच तर गुरुंग म्हणून ओळखले जाते. तिथल्या जनगणनेत गुरुंग असा वेगळा रकाना नाही.

हक्क मिळाले, कुटुंबे विभागली

१९४७ मध्ये भारत, नेपाळ आणि ब्रिटन यांच्यात करार झाला. दहा गोरखा रेजिमेंटपैकी सहा भारताकडे राहिल्या आणि चार ब्रिटनकडे गेल्या. ब्रिटनच्या गुरखा दलाचा मुख्य तळ बराच काळ हाँगकाँगला होता. १ जुलै १९९७ रोजी हाँगकाँग चीनकडे गेले आणि दल इंग्लंडला हलले. २००४ मध्ये ब्रिटनने गुरखा सैनिकांना स्थायिक होण्याचा हक्क दिला, पण फक्त १ जुलै १९९७ नंतर निवृत्त झालेल्यांना. त्याआधीच्यांनी आंदोलन केले, अभिनेत्री जोआना लमली त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि मे २००९ मध्ये किमान चार वर्षे सेवा केलेल्या सर्वांना हा हक्क मिळाला.

विजय मोठा होता, पण त्यात एक खोच होती. सैनिक, त्याची पत्नी आणि १८ वर्षांखालील मुले येऊ शकत होती. मोठ्या मुलांना हा हक्क आपोआप मिळाला नाही, त्यासाठी न्यायालयात जावे लागले. त्यामुळे अनेक वृद्ध जोडपी एकटीच इंग्लंडला आली. इंग्रजी येत नाही, बस कुठली पकडायची कळत नाही, दवाखान्यात दुभाष्या लागतो. १९९७ आधीच्यांचे निवृत्तिवेतन ब्रिटिश सैनिकांच्या तुलनेत फारच कमी. त्यासाठी ऑगस्ट २०२१ मध्ये काही माजी सैनिक लंडनमध्ये पंतप्रधानांच्या निवासस्थानासमोर तेरा दिवस उपोषणाला बसले होते.

संस्कृतीच्या चर्चेत हे सगळे कशाला, असे कुणी विचारेल. भाषा आणि रीत आजी-आजोबांकडून नातवंडांकडे जाते. स्थलांतराच्या कायद्याने मधली पिढी नेपाळमध्येच ठेवली, तर ती साखळी तुटते. संस्कृती जपा असा उपदेश करणाऱ्यांनी आधी कुटुंब एकत्र राहण्याचा हक्क मागायला हवा.

भाषेची गळती दोनदा झाली

गुरुंगांची भाषा तमू क्यी. ती तिबेटी-बर्मी कुळातली आहे, नेपाळीशी तिचे नाते नाही. नेपाळच्या २०११ च्या जनगणनेत गुरुंग लोकसंख्या ५ लाख २२ हजार होती, पण तमू क्यी मातृभाषा सांगणारे सुमारे ३ लाख २५ हजारच होते. म्हणजे मायदेशातच जवळपास दोन लाख माणसांची भाषा सुटली होती. १९६० ते १९९० या पंचायत काळात 'एक देश, एक भाषा, एक वेश' हे धोरण होते आणि शाळेत नेपाळीच चालत असे. सैन्याच्या छावणीतही वेगवेगळ्या जमातींची मुले एकत्र राहत, त्यांची समाईक भाषा नेपाळीच. गुरुंग कुटुंब इंग्लंडला पोहोचले तेव्हा पहिली गळती होऊन गेली होती. आता दुसरी, नेपाळीकडून इंग्रजीकडे.

त्यामुळे परदेशातल्या शनिवार-रविवारच्या नेपाळी वर्गाने गुरुंग मुलाची भाषा वाचत नाही. ते मूल नेपाळी शिकते, ही चांगली गोष्ट आहे, पण तमू क्यीचे काम तसेच बाकी राहते.

आशेच्या जागा आहेत. सिक्कीममध्ये गुरुंग भाषेला राज्याने मान्यता दिली आहे आणि ती शाळेतही शिकवली जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये या भाषेच्या खेमा लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, त्यामुळे ही लिपी मोबाईल-संगणकावर आणण्याचा मार्ग मोकळा झाला. पण लिपी मिळाली म्हणून भाषा जगत नाही. ती स्वयंपाकघरात बोलली गेली तर जगते.

मृत्यूच्या दारात कोण उभे राहते?

आता दुसरी कसोटी. गुरुंगांमध्ये मृत्यूनंतरचा मोठा विधी अर्घुं किंवा पै म्हणून ओळखला जातो. तो साधारण तीन दिवस चालतो. पच्यू, क्लेप्री आणि लामा असे तीन प्रकारचे पुरोहित या समाजात आहेत. पच्यू आणि क्लेप्री मुखोद्गत पाठ म्हणत मृताच्या जिवाला डोंगरातील ठिकाणांची नावे घेत पितरांच्या भूमीपर्यंत वाट दाखवतात. जावई आणि मेहुणे यांची कामे ठरलेली, मामाकडच्यांनी आणायचे वस्त्र ठरलेले. म्हणजे हा विधी एकट्या पुरोहिताचा नाही, सगळ्या नात्यांचा आहे.

मामा हाँगकाँगला, जावई कतारला आणि प्रेत इंग्लंडच्या दाहगृहात ठरलेल्या वेळेची वाट पाहत असेल, तर हा विधी कसा व्हायचा? लामाचा विधी ग्रंथावर चालतो, तो परदेशात नेणे तुलनेने सोपे. पच्यूचे पाठ वर्षानुवर्षे गुरूजवळ राहून शिकावे लागतात, तो शिष्य परदेशात तयार होणे अवघड. त्यामुळे परदेशात लामांची परंपरा वाढते आणि पच्यूंची आटते.

बौद्ध म्हणून आम्हाला यात समाधान मानणे सोपे होते. २०१५ मध्ये दलाई लामा ऑल्डरशॉटला आले, त्याचा आनंद आम्हालाही झाला. पण सोय म्हणून उरलेला धम्म आणि समजून स्वीकारलेला धम्म यांत फरक आहे, हे १९५६ नंतर आपल्याला कुणी वेगळे सांगायला नको. पच्यूच्या विधीतला पशुबळी आम्हाला मान्य नाही, तो थांबावा असेच आम्हाला वाटते. पण त्याच पाठांत या समाजाच्या स्थलांतराचा इतिहास आणि गावांची नावे आहेत. शेवटचा पच्यू जाण्याआधी ते ध्वनिमुद्रित झाले नाहीत, तर तो इतिहास कुठल्याही ग्रंथात सापडणार नाही.

काय न्यायचे, काय मागे ठेवायचे

जतन या शब्दाची आम्हाला थोडी धास्ती वाटते, कारण जतनाच्या नावाखाली जातही जपली जाते. गुरुंगांमध्ये चार जात आणि सोह्र जात अशी उच्चनीचतेची विभागणी होती. ब्राह्मणी वंशावळ्यांनी तिला आधार दिला आणि १९९० च्या दशकात तमू संघटनांनीच ती जाहीरपणे नाकारली. लग्नाच्या बोलण्यात मात्र ती अजून डोकावते. गुरुंगांच्या गावांत कामी, दमाई, सार्की हे दलित समाजही राहत आले. १८५४ च्या मुलुकी ऐनने गुरुंगांना ब्राह्मण-क्षत्रियांच्या खाली आणि दलितांच्या वर ठेवले. ती उतरंड विमानातून इंग्लंडला पोहोचू नये. ब्रिटनच्या संसदेने २०१३ मध्ये समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची तरतूद केली, पण २०१८ मध्ये सरकारने ती अमलात न आणण्याचे जाहीर केले. कायदा मागे हटला तेव्हा ही जबाबदारी समाजाच्या संघटनांवरच येते.

म्हणून ल्होसारच्या मंचावर नाचाबरोबर तीन कामांचा हिशेब मांडला जावा, असे आम्ही सुचवू. या वर्षी किती घरांत मुलांशी तमू क्यी बोलली गेली? किती वृद्धांचे पाठ, गाणी आणि गावांच्या आठवणी नोंदवल्या? आणि ल्होसारच्या पंगतीत शेजारचे दलित नेपाळी कुटुंब पाहुणे म्हणून बसले का? हा हिशेब मंडळाच्या ज्येष्ठ पुरुषांनी एकट्याने करू नये. मुलांशी दिवसभर बोलणाऱ्या आया आणि ज्यांना ही ओळख पुढे न्यायची आहे ते तरुण, दोघेही त्यात हवेत.

हाच हिशेब आपल्यालाही लागू आहे. लंडन, दुबई किंवा सिंगापूरला गेलेले आपले बांधव १४ एप्रिल मोठ्या उत्साहाने साजरा करतात. १५ एप्रिलला त्यांच्या घरात मुले कोणत्या भाषेत बोलतात आणि बाबासाहेबांचे काय वाचतात? गुरुंगांना हा प्रश्न विचारताना आम्ही तो स्वतःलाही विचारत आहोत.