निर्मनुष्य बेटाची प्रवासवर्णने

श्रीलंकेवरचा मराठी प्रवासलेख आता न वाचताही सांगता येतो. पहिल्या परिच्छेदात कोलंबोचा दमट वारा अंगावर येतो. दुसऱ्यात पिन्नवलाचे हत्ती नदीवर अंघोळीला निघतात. मग कँडी, दंतधातूचे मंदिर, मसाल्याची बाग. तिथून गाडी घाट चढू लागली की 'हिरवा गालिचा' हा शब्दप्रयोग आलाच म्हणून समजावे. नुवारा एलियाला स्वेटर काढले जातात, चहाच्या कारखान्यात फुकटचा चहा मिळतो, जवळच सीतामाईची अशोकवाटिका सापडते. पुढे याल राष्ट्रीय उद्यानात पहाटेची जीप, बिबट्या दिसला किंवा थोडक्यात हुकला. शेवटी बेंटोटा किंवा हिक्कडुवाचा किनारा, सूर्यास्त, आणि लंकेतल्या सोन्याच्या विटांवरचा एक विनोद. दिवाळी अंकांत, रविवारच्या पुरवण्यांत, निवृत्त प्राध्यापकांनी स्वखर्चाने काढलेल्या पुस्तकांत हाच क्रम मी गेली अनेक वर्षे वाचत आलो आहे. तो सहल कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेचा क्रम आहे, हे सांगण्याची गरज नाही.

सहल कंपन्यांशी माझे भांडण नाही. सात दिवसांत दमवून टाकणारे एक बेट दाखवायचे, त्यात शाकाहारी जेवण आणि दुपारी चहा मिळेल अशी व्यवस्था करायची, हे कष्टाचे आणि बऱ्यापैकी प्रामाणिक काम आहे. आपण साहित्य निर्माण करतो असा दावा त्यांनी कधी केलेला नाही. तो दावा आपण करतो. कार्यक्रमपत्रिकेला विशेषणे जोडून आलेल्या मजकुराला 'प्रवासवर्णन' म्हणून छापणारे संपादक, त्याला 'चित्रदर्शी शैली' असा शेरा देणारे समीक्षक आणि 'वाङ्मयप्रकार : स्वरूप व वैशिष्ट्ये' या प्रश्नाचे ठरावीक उत्तर पाठ करून घेणारे माझ्यासारखे अध्यापक यांच्याशी हे भांडण आहे.

आधी कबुली देतो. असा लेख मीही लिहिला आहे. कोल्हापुरातून पंचवीस-तीस जणांच्या गटाबरोबर मी श्रीलंकेला जाऊन आलो आणि आल्यावर महिनाभरात एका दिवाळी अंकासाठी तो लेख पूर्ण केला. यालच्या रानाविषयी मी लिहिले होते, की माणसाचा स्पर्श न झालेले हे आदिम अरण्य पाहताना शब्द मुके होतात. शब्द अर्थातच मुके झाले नव्हते. पुढे आणखी दोन पाने ते बोलतच होते. वर्गात प्रवासवर्णन शिकवताना हौसेने मी तोच उतारा वाचून दाखवला. वाचून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तिथं आधी कोण राहत होतं?"

ही मुलगी अभयारण्यातून उठवून आमच्या जिल्ह्याच्या सपाटीवर वसवलेल्या एका वसाहतीतली. तिच्या प्रश्नात टोमणा नव्हता. रान म्हटल्यावर तिला पहिल्यांदा जे आठवते ते तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही, कारण ते मी स्वतःला विचारलेच नव्हते.

आम्हा कोल्हापूरकरांना हा प्रश्न सुचू नये ही तर विशेष शरमेची गोष्ट. दाजीपूरचे रान संस्थानी काळातले राखीव शिकारीचे रान. 1958 साली गव्यांसाठी ते अभयारण्य झाले आणि 1985 साली त्याची हद्द वाढवून राधानगरी अभयारण्य करण्यात आले. त्याच वर्षी चांदोली अभयारण्य घोषित झाले, 2004 साली ते राष्ट्रीय उद्यान झाले, 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले. वारणा खोऱ्यातली गावे या काळात उठली. धरणग्रस्त आणि अभयारण्यग्रस्त हे दोन शब्द आमच्याकडे जिल्हाधिकारी कचेरीच्या दारातल्या धरण्यांमुळे मुलांनाही ठाऊक आहेत. आणि निसर्गशास्त्राच्या हिशेबात तर पश्चिम घाट आणि श्रीलंका मिळून जैवविविधतेचा एकच प्रदेश मानला जातो. म्हणजे दाजीपूरच्या रानात फिरून आलेल्या माणसाला श्रीलंकेचे रान पूर्णपणे परके नसते. परके वाटते, कारण आपण ते पाहुणा म्हणून पाहतो.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी उशिरा शोधले. यालचे रान इंग्रजांच्या काळात, 1900 साली, राखीव झाले. 1938 साली राष्ट्रीय उद्यान. त्या उद्यानाच्या आत सिथुलपव्व नावाचा प्राचीन बौद्ध विहार आहे, जुन्या तळ्यांचे बांध आहेत. तळी बांधणारी माणसे जिथे होती त्या जागेला मी 'माणसाचा स्पर्श न झालेले' म्हटले होते. बेटाच्या पूर्वेकडची मादुरू ओयाची गोष्ट तर अगदी आपल्या ओळखीची आहे. 1983 साली तिथे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि शिकार करून, मध गोळा करून जगणाऱ्या वेद्दा लोकांना नव्या वसाहतीत जायला सांगण्यात आले. तिसाहामी हा त्यांचा वृद्ध नायक दंबाना सोडून गेला नाही. त्याच्या पिढ्यांचे रान एका कागदाने सरकारी झाले आणि शिकारी चोर ठरला. हे वाक्य वारणा खोऱ्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही. मराठी प्रवासलेखकाला मात्र ते लागते.

आता तो 'हिरवा गालिचा'. श्रीलंकेचा डोंगराळ भाग हा निसर्गाचा नमुना म्हणून आपण वर्णितो. वस्तुतः तो एक कारखाना आहे. तिथे आधी कॉफी होती. 1869 नंतर तांबेऱ्याच्या रोगाने ती बसली आणि जेम्स टेलर या स्कॉटिश मळेवाल्याने 1867 साली लूलेकोंदेरा येथे लावलेल्या चहाने तिची जागा घेतली. रान तोडले गेले, आणि मद्रास इलाख्यातून दुष्काळाने व कर्जाने हैराण झालेली तमिळ कुटुंबे मजूर म्हणून आणली गेली. रामेश्वराकडून समुद्र ओलांडून, मन्नारपासून रानातून पायी चालत ती वर आली. वाटेत कितीतरी मेली. चहाच्या झुडपांमध्ये रंगीत साड्यांतल्या ज्या बायका आपण छायाचित्रासाठी थांबवतो, त्या यांच्या पणत्या आहेत.

स्वातंत्र्य मिळताच, 1948 साली, सिलोनच्या नागरिकत्वाच्या कायद्याने यांतल्या बहुसंख्यांना परदेशी ठरवले. सुमारे सात लाख माणसे एका कायद्याने बिनदेशी झाली. तलवाकेलेचे सी. व्ही. वेलुपिल्लै 1947 साली त्यांच्या मतांवर पहिल्या संसदेत निवडून आले होते. ते कवी होते आणि मळ्यांतली लोकगीतेही गोळा करीत. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे असे मला वाटते. पुढे 1964 साली शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांचा करार झाला. 5,25,000 माणसे भारताने घ्यायची, 3,00,000 सिलोनने ठेवायची, उरलेल्या 1,50,000 जणांचे नंतर पाहू. कांद्याच्या पोत्यांची वाटणी व्हावी तशी ही वाटणी झाली आणि माणसांना कुणी विचारले नाही. परत पाठवलेल्या कुटुंबांना काम देण्यासाठी तामिळनाडू सरकारने 1968 पासून निलगिरीत चहाचे मळे लावले. म्हणजे उटीच्या सहलीत आपण ज्यांचे छायाचित्र काढतो आणि नुवारा एलियाच्या सहलीत ज्यांचे काढतो, ती कदाचित मावस-मामे भावंडे असतील. श्रीलंकेतल्या उरलेल्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न सुटायला 2003 साल उजाडले. अजूनही कितीतरी कुटुंबे मळेवाल्यांनी बांधलेल्या ओळीच्या खोल्यांत राहतात. बसच्या खिडकीतून त्या दिसतात. मलाही दिसल्या होत्या. मी त्यांना 'इटुकली घरे' म्हटले होते.

इथे ठरलेला आक्षेप येतो. प्रवासवर्णन हे ललित गद्य आहे. माणूस सुट्टीवर आनंदासाठी जातो. त्याने तिथे दुःखे उकरून का काढावीत? दुःख करा असे कुणी म्हणत नाही. कुतूहल ठेवा एवढेच म्हणणे आहे, आणि लालित्याला कुतूहलाचे वावडे कधीपासून झाले? विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि 1857 च्या धामधुमीत सापडले. 'माझा प्रवास' 1907 साली छापून आला तो आजही वाचवतो. त्यांना तिथे काम होते, भीती होती, पैशाची गरज होती. म्हणून माणसे दिसली. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने (1960) आणि 'पूर्वरंग'ने (1963) मराठी प्रवासवर्णनाला जी मोकळी, थट्टेखोर वाट काढून दिली ती त्यांच्या हातात जिवंत होती, कारण त्यांचे कान माणसांच्या बोलण्यावर असत. अनुकरण करणाऱ्यांनी थट्टा घेतली, कान घेतले नाहीत. परदेशात आपले पोहे आठवणे एवढाच त्या वारशाचा अर्थ उरला.

आणि श्रीलंकेपुरते बोलायचे तर मराठीला यापेक्षा चांगला पूर्वज आहे. गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी 1902 साली सिलोनला गेले ते बौद्ध धर्म मुळातून शिकायला. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली त्यांनी पाली शिकायला सुरुवात केली, तिथेच श्रामणेर झाले. 'निवेदन' या 1924 सालच्या आत्मकथनात हे सारे आले आहे. सुमंगलांच्या नावामागे त्यांच्या गावाचे नाव लागते : हिक्कडुवे. होय, तेच हिक्कडुवा, जिथल्या किनाऱ्यावर आपले प्रवासी काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहतात. आधुनिक मराठीतल्या पाली-विद्येचा एक धागा त्या गावापर्यंत जातो, आणि तिथे जाऊन आलेल्यांच्या लेखांत हे नाव माझ्या वाचनात एकदाही आले नाही. माझ्या लेखातही नव्हते.

त्या किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर पेरालिय आहे. 26 डिसेंबर 2004 च्या सुनामीने तिथे 'समुद्रदेवी' ही आगगाडी रुळांवरून उचलून फेकली; हजाराहून अधिक माणसे एका गाडीत गेली. स्मारक रस्त्यालगत आहे. आमची बस तिथून गेली तेव्हा भेंड्या चालू होत्या. बेटाच्या ईशान्येला मुल्लैतीवूजवळचा मुळ्ळिवायक्कालचा किनारा तर कुठल्याच कार्यक्रमपत्रिकेत नाही. 2009 च्या मे महिन्यात, यादवी युद्धाच्या शेवटी, समुद्र आणि खाजण यांमधल्या त्या चिंचोळ्या वाळूत हजारो नागरिक अडकून मेले. तिथे सहल जावी असे मी म्हणत नाही. पण 'श्रीलंकेचे किनारे' असे शीर्षक देणाऱ्याने सगळे किनारे मोजावेत.

राहिली अशोकवाटिका. श्रद्धेला माझा विरोध नाही. सीतेच्या देवळात हात जोडणाऱ्या आमच्या गटातल्या आजींचे डोळे भरून आले होते ते खरे होते. पण लेखकाने तरी दोन गोष्टी माहीत करून घ्याव्यात. ज्या हक्गलाच्या बागेला आपण अशोकवन म्हणतो ती 1861 साली इंग्रजांनी सिंकोनाच्या, म्हणजे क्विनीनच्या झाडांसाठी सुरू केली. आणि रावणाची लंका म्हणजे हे बेट नव्हेच, ती मध्य भारतातच शोधली पाहिजे, असे म्हणणारे अभ्यासक आपल्याच घरचे आहेत : इंदूरचे सरदार माधवराव किबे यांनी ती अमरकंटकाजवळ ठेवली, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या ह. धी. सांकलिया यांनी 1973 च्या आपल्या रामायणविषयक पुस्तकात याच दिशेने मांडणी केली. पटो न पटो, हा वाद आपल्याकडे झाला आहे. सहलीच्या पत्रकाने तो मिटवला आणि आपण मिटू दिला. शिवाय आपल्यातल्याच एका मोठ्या समाजासाठी ते बेट रावणाचे नाहीच. डॉ. आंबेडकर 1950 साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी तिथे गेले होते, आणि आज महाराष्ट्रातून अनुराधपूरच्या बोधिवृक्षाकडे जाणारे यात्रेकरू तिथे स्वतःच्या घरी गेल्यासारखे जातात. त्यांची वर्णने दिवाळी अंकांच्या प्रवास-विभागात मला अभावानेच आढळली. का, याचे उत्तर संपादकांनी द्यावे.

त्या विद्यार्थिनीने सत्राच्या शेवटी स्वाध्याय म्हणून एक प्रवासवर्णन लिहून दिले. चार पाने. वसाहतीतली माणसे वर्षातून एकदा परवानगी काढून टेम्पोने जुन्या गावच्या देवाला जातात, त्याचे. घरांची जोती, त्यांतून उगवलेली कारवी, कुणाचा उंबरा कुठला यावरून म्हाताऱ्यांत झालेले भांडण. चित्रदर्शी शैली वगैरे नाही. सर, याला प्रवासवर्णन म्हणता येईल का, असे तिने शेवटच्या पानाखाली पेन्सिलीने लिहिले होते. नाक्यावरच्या वहीत येण्याचे कारण लिहावे लागते. आजोबांनी 'गावाला चाललोय' असे सांगितले. वहीवाल्याने 'पर्यटन' असे लिहिले आणि आजोबांचा अंगठा घेतला.