पोरगं फुटबॉलला पाठवताय? कोचला हे चार प्रश्न विचारा

१४ डिसेंबर २०२५ ला मेस्सी मुंबईत वानखेडेवर आला, ते आपण सगळ्यांनी मोबाईलवर बघितलं. राज्य सरकारच्या 'प्रोजेक्ट महादेवा'त १३ वर्षांखालची ३० मुलं आणि ३० मुली निवडून त्यांना ५ वर्षांची शिष्यवृत्ती द्यायची योजना आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. आपल्या पोरानं पण असं नाव काढावं, असं कुठल्या आईबापाला वाटणार नाही?

पण संघात कोण राहणार आणि कोण घरी जाणार, हे कोचच्या हातात असतं. पोर त्याच्या शब्दाबाहेर जात नाही, आईबाप 'सर म्हणतील तसं' म्हणतात. खरी जोखीम इथंच आहे.

२०२२ चं उदाहरण घ्या. भारताच्या १७ वर्षांखालील मुलींचा संघ विश्वचषकाच्या तयारीसाठी जून महिन्यात युरोप दौऱ्यावर होता. तिथं सहायक प्रशिक्षकावर अल्पवयीन खेळाडूशी लैंगिक गैरवर्तनाचा आरोप झाला. त्याला माघारी बोलावलं आणि जुलैत कामावरून काढलं. देशाच्या संघात हे घडू शकतं, तर तालुक्याच्या संघात घडणारच नाही असं कोण सांगणार?

सगळे कोच तसे नसतात. पदरचं पेट्रोल घालून पोरं स्पर्धेला नेणारे सर आपल्या भागातही आहेत. चांगल्या कोचला प्रश्नांचा राग येत नाही. म्हणून हे चार प्रश्न विचारा.

पहिला, बाहेरगावी सोबत कोण? दोन मोठी माणसं हवीत, मुली असतील तर एक बाई हवीच. कोचनं मुलाला एकट्याला खोलीवर बोलवायचं नाही, रात्री खासगी मेसेज करायचे नाहीत.

दुसरा, जन्मतारीख कुठली लावणार? १३ च्या गटात बसवायला १५ चं पोरगं १३ चं दाखवलं, की खऱ्या १३ वर्षांच्या पोराची जागा गेली. शिवाय पोरगं पहिला धडा खोटेपणाचा शिकतं. २००९ पासून फिफा १७ वर्षांखालील विश्वचषकात मनगटाचं एमआरआय करून वय तपासते. कागद बदलता येतो, हाड नाही.

तिसरा, लागलं तर काय? एका सामन्यात घोटा सुजलेल्या पोराला 'फायनल आहे, पळ' म्हणून पुन्हा उतरवलेलं मी स्वतः बघितलंय. डोक्याला मार लागून चक्कर किंवा उलटी आली, तर त्या दिवशी खेळ बंद आणि थेट दवाखाना. कप पुढच्या वर्षी पण मिळतो.

चौथा, तक्रार कुणाकडे करायची? कोचविरुद्धची तक्रार कोचकडेच जाणार असेल तर पोर बोलणार कसं? शाळेत किंवा मंडळात दुसरं माणूस ठरलेलं पाहिजे.

'गावाचं नाव जाईल' म्हणून प्रकरण मिटवणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. पोक्सो कायद्यात, १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना न सांगणं हा गुन्हा आहे. त्याला ६ महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, संस्थेच्या प्रमुखानं दडवलं तर १ वर्षापर्यंत. मदतीसाठी १०९८ हा नंबर फुकट लागतो.

बैल घेताना आपण दात बघतो, चार जणांना विचारतो. पोर ज्याच्या हवाली करतोय त्याची तेवढी तरी चौकशी करा.